काठमांडू खोरं: सात ठिकाणं एका दिवसात करू नका

गल्लीबोळ

टूरवाल्यांच्या ‘काठमांडू दर्शन’ची बस सकाळी नऊ-साडेनवाला निघते आणि अंधार पडेपर्यंत पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभू, बुढानीलकंठ, दरबार चौक, पाटण असं सगळं उरकते. यादी पुरी होते, पण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी माणूस भलत्या वेळी पोचतो. खोऱ्यातली अंतरं किरकोळ आहेत, शहराभोवतीचा अख्खा रिंग रोड २७ किलोमीटरचा. तेव्हा नकाशावर काय जवळ आहे ते बघत बसू नका. कुठली जागा कधी जागी असते ते बघा आणि त्यावर दिवस लावा.

सुरुवात पशुपतिनाथापासून. आवार पहाटे चारला उघडतं. गाभारा साधारण पाच ते बारा आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते सात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळचं लवकर आटोपतं. म्हणजे बसने दुपारी एकला आणून सोडलं की वाट्याला येतो तो नंदी आणि बंद दार. सकाळी नऊ ते अकरा अभिषेकाची वेळ, तेव्हा चारही दिशांची दारं उघडी असतात. लिंगाला चार मुखं: पश्चिमेला सद्योजात, उत्तरेला वामदेव, पूर्वेला तत्पुरुष, दक्षिणेला अघोर, वरचा माथा तो ईशान. प्रत्येक मुखाखाली इवलेसे दोन हात आहेत, उजव्यात रुद्राक्षमाळ, डाव्यात कमंडलू. ज्या दारासमोर उभे राहाल तेवढंच मुख दिसतं. अभिषेकाच्या पावतीवर दिशा लिहिलेली असते, त्याच दारापाशी रांग लावायची. पावती पूर्वेची आणि माणूस पश्चिमेच्या रांगेत, हा घोळ नेहमीचा, कारण पश्चिमेला मोठा सोनेरी नंदी असल्यामुळे सगळी गर्दी आपोआप तिकडेच वळते.

स्पर्शदर्शन नाही. लिंगाला हात लावतात ते फक्त भट्ट पुजारी, आणि ते परंपरेने कर्नाटकातून येतात. गाभाऱ्यात शिरायला मिळेल म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ पुढे चला.

साखरांबा

छान विषय. वाचतेय. पट्टा, पाकीट वगैरेचं काय?

गल्लीबोळ

कातड्याचं काहीही आत नको. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टासुद्धा. चपलांबरोबर बाहेर ठेवता येतं, पण पाकीट कशाला ठेवायचं? त्या दिवसापुरतं कापडी वापरा. मुख्य आवारात फोटो काढायला बंदी आहे आणि रखवालदार ती खरोखर पाळायला लावतात. मुख्य देवळात अहिंदूंना प्रवेश नाही. ते बागमतीच्या पूर्व काठावरून बघतात, तिथून सोनेरी छप्पर आणि घाट दोन्ही दिसतात. बरोबर परदेशी मित्र असतील तर हे आधीच सांगून ठेवा, दारात लाजिरवाणं होतं.

तांबडफुटी

पूर्व काठाबद्दल भर घालतो. संध्याकाळची बागमती आरती त्याच काठावर होते, साधारण सहाच्या पुढे, उन्हाळ्यात थोडी उशिरा. पायऱ्यांवर बसायचं तर अर्धा तास आधी जा. समोरच्या काठावर आर्यघाट आणि पुलापलीकडचा भस्मेश्वर घाट, आणि तिथे चिता चालूच असतात. आरतीची घंटा आणि चितेचा धूर एकाच वेळी. कुणाला ते पचत नाही, कुणी तासभर हलत नाही.

एक कळकळीची विनंती: चितेकडे कॅमेरा रोखू नका. पलीकडून झूम करणारेही दिसतात आणि घरच्या लोकांनाही ते दिसतं. बंदीची पाटी नसली तरी काही गोष्टी पाटीशिवाय कळायला हव्यात. अंगाला भस्म फासून बसलेले साधू मात्र फोटोसाठीच बसलेले असतात. कॅमेरा काढण्याआधी किती द्यायचे ते ठरवा, नंतर कटकट होते.

चकटफू

पैशांचं आणि कागदपत्रांचं कुणीतरी नीट सांगा. आधार चालतं असं अर्धे लोक छातीठोकपणे सांगतात.

वाटसरू_दोन

चालत नाही, आणि विमानतळावर सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार, पॅन, वाहन परवाना ही सवलत फक्त पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना, तीही वय आणि ओळख पटवण्यासाठी. पंधरा ते अठरा या वयातली मुलं मधल्यामध्ये लटकतात: मतदार कार्ड नाही आणि आधार चालत नाही. त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं. त्यापेक्षा पासपोर्ट काढून टाका.

पैसे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर बांधलेला आहे. दुकानदार ‘आयसी’ म्हणाला तर भारतीय, ‘एनसी’ म्हणाला तर नेपाळी. भाव विचारताना हे नक्की करून घ्या, नाहीतर १,००० ला ठरवलेली शाल १,६०० ला पडते. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा निर्धास्त चालतात. त्यावरच्या नोटांवर नेपाळची बंदी होती आणि तो नियम बदलत राहतो, निघण्याआधी ताजा बघा. २०२४ पासून फोनपे नावाच्या नेपाळी क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं (आपल्याकडच्या त्याच नावाच्या ॲपशी गल्लत नको). मात्र घरून निघतानाच ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. फुलवाली, पणतीवाली, टेम्पो यांना सुटे पैसेच लागतात.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. साप्ताहिक सुट्टी शनिवारची. रविवारी सरकारी कचेरीत काम काढलंत तर ठीक, शनिवारी देवळांत शांतता मिळेल ही आशा सोडा.

कळसूत्री

पशुपतिनाथानंतर लोक टॅक्सी करून बौद्धनाथाला जातात. पायीच जा. मागच्या टेकडीवरून उतरलं की गुह्येश्वरी लागते, ते शक्तिपीठ. तिथेही फक्त हिंदूंना प्रवेश. तिथून नदी ओलांडून विचारत विचारत चाललं की पाऊण तासाच्या आत बौद्धनाथ. दुपार मधल्या वस्तीत, जेवणात घालवा आणि स्तूपापाशी चार-साडेचारला पोचा.

बौद्धनाथ हा खरं तर संध्याकाळचाच देव आहे. स्तूप सुमारे ३६ मीटर उंच. २०१५ च्या २५ एप्रिलच्या भूकंपात वरचा भाग तडकला, तो उतरवून नव्याने बांधला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा खुला झाला. घुमटावर पिवळसर कमानी दिसतात ना, त्या चुन्याच्या पांढऱ्यावर केशराच्या पाण्याने फेकून काढलेल्या असतात. बादली घेतलेला माणूस वर उभा राहून एका झटक्यात कमान ओढतो. पावसाने फिकी झाली की पुन्हा. तळाशी भिंतीत १४७ कोनाडे, प्रत्येकात चार-पाच प्रार्थनाचक्रं. फेरी उजवीकडूनच, म्हणजे स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून. सेल्फीसाठी लोक उलटे चालतात तेव्हा जपमाळ घेतलेल्या तिबेटी आज्या काही बोलत नाहीत, फक्त बाजूला होतात, आणि ते जास्त लागतं. चक्रं फिरवताना मूठ खालच्या लाकडी दांड्याला लावा, वरच्या पत्र्यावरच्या अक्षरांना नको. पौर्णिमेच्या संध्याकाळी तुपाचे दिवे लागतात, गर्दी दुप्पट.

साखरांबा

स्वयंभूला चढायला किती? आईचे गुडघे दुखतात.

कळसूत्री

पूर्वेकडून ३६५ पायऱ्या, शेवटचा टप्पा शिडीसारखा उभा. आईंना पश्चिमेकडच्या वाहनतळापर्यंत गाडीने न्या, तिथून थोड्याच पायऱ्या राहतात. माकडांपुढे हातात पिशवी, केळं, पाण्याची बाटली काहीही धरू नका. पिशवीचा नुसता आवाज झाला तरी झडप येते.

वर चैत्याच्या मागे हारतीचं छोटं देऊळ आहे. लहान मुलांची राखण करणारी देवी, पूर्वी देवीच्या रोगासाठी हिचीच करुणा भाकायचे. रांगेत हिंदू बाई आणि बौद्ध बाई एकामागे एक असतात, पुजारी बौद्ध. खोऱ्याचा स्वभाव कळायला दहा मिनिटं इथे थांबा. सकाळी सहा-सातला जा, तेव्हा नेवार, म्हणजे खोऱ्यातल्या मूळच्या, मंडळींचं भजन चालू असतं. दहानंतर नुसते पर्यटक.

अलख

कुणीच अजून मच्छिंद्रनाथांचं नाव काढलं नाही, आश्चर्य आहे. नवनाथ वाचणाऱ्या घरांतून येणाऱ्यांनी पाटण चुकवू नये.

इथले रातो मच्छिंद्रनाथ म्हणजे बौद्धांचे करुणामय लोकेश्वर आणि हिंदूंचे मच्छिंद्र, एकाच लाल मूर्तीत. कथा आपल्या ओळखीची, वळण वेगळं: गोरक्षनाथ नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसले, बारा वर्षं पाऊस नाही. मग राजा नरेंद्रदेव, तांत्रिक बंधुदत्त आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपाहून मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरू आले म्हणून गोरक्ष उठले, नाग सुटले, पाऊस पडला.

आता कामाचं. मूर्ती सहा महिने पाटणच्या ‘त बहाल’मध्ये (बहाल म्हणजे बौद्ध विहाराचा चौक) आणि सहा महिने बुंगमती गावी असते. भलत्या काळात गेलात तर रिकामं देऊळ बघून याल, त्यामुळे आधी चौकशी करा. वैशाखात रथयात्रा सुरू होते. रथ पुल्चोकला बांधतात, लाकूड आणि वेताचा, वरचा डोलारा वेताने आवळून बांधलेला, जवळजवळ साठ फूट उंच. तो डुलतो आणि कधी कधी खरंच कलंडतो, म्हणून दोरांच्या आतल्या बाजूला उभं राहू नका. विजेच्या तारा आडव्या आल्या की तासन्‌तास तिथेच मुक्काम. चाकांवर डोळे रंगवलेले असतात. गाबहाल, सुंधारा, लगनखेल करत जावलाखेलला पोचला की भोटो जात्रा: रत्नजडित बंडी चारही बाजूंना उंचावून दाखवतात. दर बारा वर्षांनी यात्रा पाटणऐवजी बुंगमतीपासून निघते. २०१५ ला तशी होती आणि भूकंपाने वाटेत अडकली, त्यामुळे पुढची २०२७ ला.

काठमांडूत वेगळे सेतो मच्छिंद्रनाथ आहेत, पांढरे, जनबहालात. असनच्या बाजारातून चालताना एका साध्या कमानीतून आत शिरायचं. आणि दरबार चौकातला काष्ठमंडप, ज्यावरून शहराला नाव पडलं, त्याच्या मधोमध गोरक्षनाथ. मूळ वास्तू २०१५ ला पूर्ण कोसळली, आता दिसते ती नव्याने उभारलेली, लाकडातच.

तांबडफुटी

+१. दत्तभक्तांसाठी पुढचं: भक्तपूरच्या ताचपाल चौकात दत्तात्रेयाचं देऊळ आहे, पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्लाच्या काळातलं. एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं असं सांगतात. बाहेर जयमल आणि पत्ता हे दोन मल्ल द्वारपाल. दिवसाभराच्या बसगाड्या न्यातपोल बघून परततात, इथपर्यंत येतच नाहीत, जेमतेम दहा मिनिटं पुढे आहे. शेजारच्या पुजारी मठाच्या बोळात ती प्रसिद्ध मोराची खिडकी, मान वर करून बघावी लागते.

न्यातपोल १७०२ चं, पाच छपरांचं, भूपतींद्र मल्लाने बांधलेलं. १९३४ आणि २०१५ दोन्ही भूकंपांत उभं राहिलं. पायऱ्यांवर मल्ल, हत्ती, सिंह, शार्दूल, मग देवता, प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दसपट बलवान मानतात. आत सिद्धिलक्ष्मी आहे, पण तिचं दर्शन सर्वसामान्यांना नाही.

भक्तपूरला मुक्काम करा हा माझा हट्ट. शेवटची बस गेली की चौक गावाचा होतो. फल्च्यावर, म्हणजे रस्त्याकडेच्या लाकडी ओसरीवर, म्हातारे पत्ते मांडतात. कुंभार चौकात मडकी उन्हात लावतात ती सकाळची गोष्ट, दुपारी सावलीत नुसते ढीग दिसतात.

चकटफू

भक्तपूरचं तिकीट महाग आहे म्हणे.

तांबडफुटी

सार्क देशांना दर वेगळा आणि बराच कमी आहे. खिडकीवर आपणहून ‘इंडियन’ सांगा आणि ओळखपत्र दाखवा, नाहीतर परदेशी दराचं तिकीट हातात पडेल. मुक्काम असेल तर त्याच तिकिटाची मुदत वाढवून मिळते, तिथेच मागा. दरबार चौकांची तिकिटं तीन शहरांत तीन वेगळी, एकमेकांना चालत नाहीत.

साखरांबा

खाण्याचं? शाकाहारी आहोत.

वाटसरू_दोन

‘बफ’ हा शब्द पाठ करा. म्हशीचं मांस. मोमो म्हटलं की बहुतेक गाड्यांवर बफच समजतात. ‘भेज’ म्हणून मागा आणि तेच भांडं आहे का विचारा, कारण एकाच चाळणीत वरच्या थरात बफ आणि खालच्या थरात भेज वाफवणारे आहेत. वरचा रस खाली ठिबकतो, हे कुणाला सुचत नाही. नेवारी समयबजीच्या ताटात चिउरा (म्हणजे कोरडे पोहे), भाजलेले काळे सोयाबीन, आलं, बटाटा हे शाकाहारी. छोयला हे मांस, शिवाय अंडं आणि सुकी मासळी. ‘बारा’ हा उडदाचा किंवा मुगाचा जाड घावन, वर अंडं किंवा खिमा घालायचा रिवाज आहे, साधा मागायचा. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर योमरी मिळेल: तांदळाच्या उकडीत ‘चाकू’ नावाचा गुळासारखा गोड पाक आणि तीळ, आपल्या उकडीच्या मोदकाची शेंडीवाली बहीण.

डाळभाताच्या ताटात भात, डाळ, तरकारी पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे जास्त पैसे नाहीत. मोहरीचं तेल सोसत नसेल तर पहिल्या दिवशी बेताने. भक्तपूरचं जुजू धौ, म्हणजे तिथलं दही, मातीच्या भांड्यातलंच घ्या. माती पाणी शोषते म्हणून ते वडीसारखं घट्ट होतं, प्लास्टिकच्या पेल्यात ती मजा नाही.

अलख

तारखांबद्दल, कारण पंचांग फसवतं. तिकडे बिलांवर विक्रम संवत, इंग्रजी सनापेक्षा छप्पन्न-सत्तावन्नने पुढे, आणि वर्ष एप्रिलच्या मध्यावर बदलतं. महाशिवरात्र त्याच दिवशी, पण आपण माघ वद्य म्हणतो, ते फाल्गुन कृष्ण म्हणतात. महिन्याचं नाव बघून तिकीट काढू नका, इंग्रजी तारीख बघा. हरितालिकेला तिकडे तीज: लाल साड्यांची रांग रात्रीपासून लागते, त्या दिवशी पशुपतिनाथ बायकांचाच. पुरुषांनी दुसरीकडे जावं. अनंत चतुर्दशीला इंद्रजात्रेत कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीचा, रथ निघतो. दसऱ्याचा दशैं कोजागिरीपर्यंत चालतो. सप्तमीपासून पुढचे पाच-सहा दिवस निम्मी दुकानं आणि खानावळी बंद, बसमध्ये जागा नाही. पण काठमांडूची तलेजू भवानी सर्वांसाठी वर्षातून एकदाच उघडते, महानवमीला. त्यासाठी बाकीची गैरसोय सोसण्याजोगी आहे.

कार्तिकी एकादशीला बुढानीलकंठाची मोठी जत्रा. शेषशायी विष्णू, अखंड काळ्या दगडात, पाच मीटर लांब, कुंडात पहुडलेला. नेपाळचे राजे इथे कधी दर्शनाला येत नसत.

कळसूत्री

दक्षिणकाली मंगळवार-शनिवार टाळा, लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच. त्या दोन दिवशी बळी असतात.

गल्लीबोळ

टाळा असं सरसकट म्हणू नये. तो तिथला खराखुरा वार आहे, बाकी दिवस देऊळ ओस असतं. ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं, फक्त नाक मुरडायला जाऊ नये.

रस्त्यांवर फिरण्याबद्दल: टॅक्सीचा मीटर सहसा पडत नाही, पठाओ किंवा इनड्राइव्ह या ॲपवर भाव बघून मगच रस्त्यावरच्या टॅक्सीशी बोला. बॅटरीवरचे सफा टेम्पो ठरलेल्या मार्गावर धावतात, बऱ्याचदा बाई चालवत असते. उतरायचं असेल तेव्हा छताला नाण्याने ठोका. २०१७ च्या नेपाळी नववर्षापासून खोऱ्यात विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे आणि ती बऱ्यापैकी पाळतात, त्यामुळे मागून दुचाकी आलेली कळत नाही. असन ते इंद्रचोक हा पट्टा पायीच, सकाळी आठच्या आत. वाटेत बांगेमुढाला दातदुखीचा देव आहे, वैशदेव: भिंतीतला लाकडाचा ओंडका, त्यावर इतकी नाणी खिळ्यांनी ठोकली आहेत की लाकूड दिसत नाही. आणि आजूबाजूला दाताच्या डॉक्टरांच्या पाट्या, कवळ्या काचेत मांडलेल्या.

साखरांबा

रुद्राक्ष आणि मूर्ती कुठून घ्याव्यात?

कळसूत्री

पंचमुखी सगळ्यात जास्त पिकतो, तो स्वस्तच असायला हवा. मुखाची रेघ एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग जाते. मध्येच विरली किंवा कडा धारदार लागल्या तर कोरलेली. पाण्यात बुडतो की तरंगतो ही परीक्षा निरर्थक आहे, सुकलेला खरा दाणाही तरंगतो. गौरीशंकर, म्हणजे जोडदाणा, दोन दाणे चिकटवूनही बनवतात, गरम पाण्यात टाकला की गोंद सुटतो. महागडा घेणार असाल तर एक्स-रे मागा: जितकी मुखं तितके आत कप्पे. गोल एकमुखी म्हणून कुणी गळ्यात मारायला लागला तर हसून निघा.

मूर्ती पाटणच्या ओकुबहाल भागात घ्या. मेणाचा नमुना, त्यावर शेणमातीचे लेप, मेण वितळवून तांबं ओततात, म्हणून खऱ्या कामात प्रत्येक मूर्तीची बोटं थोडी वेगळी असतात. दोन मूर्ती शेजारी ठेवून तंतोतंत जुळल्या तर साच्याचं काम. बूड उघडं असेल तर ती अजून प्रतिष्ठा न केलेली, त्यात दोष नाही. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत आणि नवीही जुनी दिसत असेल तर विमानतळावर अडवतात. पुरातत्त्व विभागाचा दाखला आणि शिक्का लागतो, तो दुकानदार आणून देतो, पण शनिवारी कचेरी बंद. त्यामुळे खरेदी परतीच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.